तांबडी एकटी चरत नाही

संध्याकाळ झाली की तांबडी फाटकापाशी येऊन उभी राहायची आणि हाक मारायची. खिंकाळणं वेगळं, हाक वेगळी. खिंकाळायला घोडीला काहीही पुरतं, खुराकाची बादली वाजली तरी पुरतं. हाक लांबलचक असते, पोटातून येते, आणि मारून झाली की घोडी कान पुढे करून गप्प उभी राहते, समोरच्याला उत्तर द्यायला सवड देते. तांबडी अशी सवड द्यायची. उत्तर आलं नाही की पुन्हा हाक मारायची. घरात सिंकपाशी उभ्या उभ्या पाव खाणारे सावकाशराव मग उरलेला पाव खाली ठेवायचे. ती कुणाला बोलावते आहे ते त्यांना ठाऊक होतं. तो येणार नाही हेही ठाऊक होतं. तांबडीला मात्र ते ठाऊक नव्हतं, आणि तो दोष दुसऱ्या कुणाचा नाही, त्यांचा स्वतःचा होता.

सावकाशराव हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. घोड्यांजवळ कुणी भरभर चालत आलं, हात उंच केला, मोठ्यानं हसलं, की यांच्या तोंडून पहिला शब्द निघायचा, "सावकाश." हयातभर हेच म्हणत आल्यामुळे तो शब्द त्यांनाच चिकटला. चिकटवला बायकोनं. ती सांगायची, "यांनी मला लग्नाचं विचारायला इतका वेळ लावला, की शेवटी मीच विचारून मोकळी झाले. तेव्हासुद्धा म्हणाले, सावकाश." पुढे दुकानदार, पोस्टमन, घोड्यांना नाल मारणारा नालबंद, सगळेच तसं म्हणायला लागले. आणि खरं सांगायचं तर नाव अंगाला अगदी बेतून बसलं होतं. कुंपणाची एक फळी बदलायला हा गृहस्थ अख्खी सकाळ घालवायचा. पण ती फळी मग हलायचं नाव काढायची नाही.

अशा माणसानं जन्मात एकदाच घाई केली, आणि तीच नडली.

त्यांचं कुरण घराच्या मागच्या दारापासून सुरू होऊन उतरत उतरत ओढ्यापर्यंत जायचं. कुंपण घालून त्याचे भाग केलेले होते, एकात घोडे चरायचे तेव्हा दुसऱ्यात गवत वर यायचं. एके काळी इथे परक्यांचे घोडे असत. शर्यतीतून बाद झालेले, शाळेतल्या मुलांना पाठीवर घेऊन दमलेले, मालकाचं वय झालं म्हणून पोरके झालेले. बायको त्याला घोड्यांचं पेन्शन ऑफिस म्हणायची. घोडे सांभाळायचे त्यांनी, आणि घोड्यांच्या मालकांना सांभाळायचं तिनं, अशी वाटणी होती. दुसरं काम पहिल्यापेक्षा कठीण आहे असं तिचं ठाम मत होतं. ती गेल्यावर सावकाशरावांनी नवीन घोडा घेतला नाही. होते ते म्हातारे होत होत एकेक करून संपले आणि मागे दोन राहिले, दोन्ही घरचे. एक ही तांबडी, आणि दुसरा अबलख, काळ्या-पांढऱ्या ठिगळांचा, मोठ्या पोटाचा आणि त्याहून मोठ्या समजुतीचा.

हे दोघं दिवसभर बरोबर असत. उन्हाच्या वेळी उलटसुलट उभे राहत, याचं तोंड तिच्या शेपटीकडे आणि तिचं तोंड याच्या. म्हणजे मग शेपटीच्या एका फटकाऱ्यात आपल्या पाठीवरच्या माश्याही उडतात आणि दुसऱ्याच्या डोळ्यांवरच्याही. एक आडवं झोपलं की दुसरं उभं राहून राखण करायचं. त्यावर बायको म्हणायची, "बघा, शिका जरा." आणि सावकाशराव म्हणायचे, "मी पण राखणच करतो की." त्यावर ती, "तुम्ही घोरता."

उन्हाळ्याच्या तोंडाशी अबलखाच्या पोटात कळ आली. डॉक्टर येऊन गेले, सुई टोचली, नळी घातली, आणि जाताना नुसते खांदे हलवून गेले. घोडा तडफडला तर शेजारी कुणी नको म्हणून तांबडीला शेडपलीकडच्या भागात कोंडलं होतं. सकाळी सावकाशराव बाहेर आले तेव्हा अबलख पाण्याच्या टाकीपाशी पडलेला होता आणि गवतावर त्याच्या चारी पायांनी ओढलेल्या खुणा होत्या.

आता घोडेवाल्यांमध्ये एक रीत आहे आणि ती सगळे पाळतात. घोडा मेला की त्याच्या जोडीदाराला त्याच्यापाशी आणायचं, दोर ढिला सोडायचा आणि आपण बाजूला व्हायचं. तो हुंगतो, नाकानं ढकलून बघतो, कधी खुरानं माती उकरतो, कधी तसाच बराच वेळ उभा राहतो. मग आपणहून वळतो आणि चरायला जातो. त्यानंतर तो मेलेल्याला हाका मारत नाही. ज्याला दाखवलं नाही तो मारत राहतो. सावकाशरावांनी हे कितीतरी घोड्यांच्या बाबतीत केलं होतं, पोटच्या पोराला सांगावं तसं नव्या लोकांना समजावून सांगितलंही होतं.

मेलेली जनावरं उचलून नेणारा ट्रक आला तेव्हा ट्रकवाल्यानंच विचारलं, "दुसरं कुणी आहे का? दाखवायचंय का त्याला? मी थांबतो, मला घाई नाही."

सावकाशराव म्हणाले, "नको. चल, उचल लवकर."

लवकर. ट्रकवाला त्यांना पुष्कळ वर्षं ओळखत होता. त्यानं एकदा त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि मुकाट्यानं साखळी काढली.

त्याचं कारण असं होतं, की बायको गेली तेव्हा हॉस्पिटलातल्या नर्सनं चादर खाली करून म्हटलं होतं, "पाहून घ्या." त्यांनी पाहून घेतलं. ते तोंड तिचं नव्हतं. पण त्या दिवसापासून तिला आठवायला बसलं की आधी ते तोंड पुढे यायचं, आणि त्याच्यामागे कुठंतरी लांब, गर्दीत मागे राहिलेल्या माणसासारखी, ती. तांबडीच्या वाट्याला हे येऊ नये असं त्यांना वाटलं. बिचारीला अबलख ठिगळाठिगळांचा, पोट हलवत चालणारा, तसाच आठवू दे. माणसाचं दुखणं घोडीच्या गळ्यात बांधायचं म्हणजे काय, ते त्यांना तेव्हा कळलं नाही. तसे ते शहाणे होते, पण त्या सकाळी नव्हते.

आणि म्हणून तांबडी रोज संध्याकाळी फाटकापाशी, जिथून ट्रक गेला तिथे, हाका मारत होती.

पहिले काही दिवस त्यांनी मनाची समजूत घातली, की विसरेल. ती विसरली नाही आणि वर चरायचीही थांबली. कुरणात गुडघाभर गवत, आणि ही आपली दोन घास घेते, मान वर करते, चारी दिशांना बघते, चालायला लागते. फाटकापासून ओढ्यापर्यंत आणि ओढ्यापासून फाटकापर्यंत तिनं गवतात पायवाट पाडली. बरगड्या दिसायला लागल्या. खुराक पुढे ठेवला तर हुंगून सोडून द्यायची. माश्यांनी डोळ्यांच्या कडा लाल झाल्या, कारण आता शेपटी मारायला समोर कुणी नव्हतं. सावकाशराव फडकं घेऊन तिच्या तोंडापाशी उभे राहत, पण माणसाचा हात घोड्याच्या शेपटीपुढे काय कामाचा?

लेक दुसऱ्या शहरात दातांच्या दवाखान्यात काम करायची आणि रोज संध्याकाळी फोन करायची. "जेवलात ना बाबा?" हा तिचा पहिला प्रश्न. "जेवलो," हे यांचं ठरलेलं उत्तर, हातात अर्धा पाव. मग ती सल्ले द्यायची. घोड्यांना सोबत म्हणून शेळी ठेवतात असं तिनं कुठंसं वाचलं होतं, आणि तिथे बसून तिनं ओळखीतल्या एकाकडून शेळी पाठवूनही दिली. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, असं सावकाशराव पुटपुटले, पण शेळी उतरवून घेतली.

शेळीचा प्रकार फार दिवस चालला नाही. तिनं पहिल्या दिवशी सावकाशरावांची टोपी खाल्ली, दुसऱ्या दिवशी वाळत घातलेला टॉवेल खाल्ला, आणि नंतर मोटारीच्या टपावर चढून तिथंच मुक्काम केला. तांबडीनं तिच्याकडे, न बोलावता आलेल्या पाहुणीकडे बघतात तसं एकदा बघितलं आणि पुन्हा फाटकाकडे तोंड केलं. शेळी ज्या गाडीनं आली त्याच गाडीनं परत गेली. जाताना तिच्या तोंडात पायपुसण्याचा एक कोपरा होता.

मग एक दिवस योगायोगानं एक गोष्ट घडली. कुरणात पिवळ्या फुलांचं एक तण येतं, घोड्याच्या पोटात गेलं तर यकृत खलास करतं, ते मुळासकट उपटावं लागतं. सावकाशराव ओणवे होऊन ते उपटत होते. मागे कर्र कर्र असा आवाज आला. गवत तुटल्याचा. त्यांनी मान वळवली नाही. दुसरं रोप उपटलं, तिसरं उपटलं. आवाज चालू होता. कंबर सरळ करायला ते उभे राहिले, तो आवाज बंद. वळून पाहिलं तर तांबडी मान वर करून चौफेर बघत होती. ते पुन्हा ओणवे झाले. पुन्हा कर्र कर्र.

त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. घोडा मोकळ्यावर चरतो तो दुसऱ्याची मान खाली बघून. दुसरा निवांत खातो आहे म्हणजे भीती नाही, आपणही खावं. आणि एकट्या घोड्याला पहारा आणि जेवण ही दोन्ही कामं एकट्यानं करावी लागतात, म्हणून तो पहाराच करत राहतो. सगळं त्यांना आधीच ठाऊक होतं म्हणा. पण आपण स्वतः मान खाली घातली तर घोडी आपल्याला हिशेबात धरेल, हे कुणाच्या बापाला सुचलं असतं?

मग सत्तरी ओलांडलेला हा माणूस दिवसचे दिवस कुरणात ओणवा राहिला. पिवळ्या फुलांचं तण संपलं. मग त्यांनी साधं तण उपटलं, मग लीद फावड्यानं गोळा करायची ती हातानं केली, मग नुसतेच ओणवे होऊन गवत चाचपत राहिले. पोस्टमननं कुंपणावरून विचारलं, "काय हरवलंय सावकाशराव?"

"सुई," सावकाशराव खालूनच म्हणाले.

"गवतात सुई? मग बसा शोधत," असं म्हणून पोस्टमन हसत पुढे गेला.

पाठीनं काही दिवस सोसलं आणि मग बंड पुकारलं. तेव्हा त्यांनी एक बुटकं स्टूल कुरणात नेऊन टाकलं आणि त्यावर मांडीवर ताट घेऊन जेवायला बसले. मान खाली, ताटात लक्ष. तांबडीला ते चाललं. हे जेवतील तोवर ती चरायची, ताट रिकामं होऊन मान वर झाली की थांबायची. आता पावाचा तुकडा काय, बघता बघता संपतो, तेवढ्यात घोडीचं पोट कसं भरणार? म्हणून बायको गेल्यापासून ज्यांनी पातेलं चुलीवर चढवलं नव्हतं ते सावकाशराव स्वयंपाक करायला लागले. बटाटे उकडले, भाज्या शिजवल्या, सूप केलं आणि ते चमच्यानं प्यायलं, कारण वाटी तोंडाला लावली तर लवकर संपतं. दुपारचं जेवण चांगलं लांबायचं. आपल्या नावाचा असा उपयोग होईल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

हे सगळं तांबडीसाठी, असं ते स्वतःला सांगत. पण खरं म्हणजे त्यांनाही जेवण जाऊ लागलं होतं. गेली काही वर्षं ते सिंकपाशी उभ्यानं खात होते, ताट मांडून बसलं की समोरच्या खुर्चीकडे लक्ष जायचं म्हणून. इथे कुरणात समोर खुर्ची नव्हती. बाजूला कर्र कर्र आवाज होता. त्या आवाजात घास आपोआप खाली उतरायचा. त्या दिवसांत सावकाशराव सुखी होते म्हटलं तरी चालेल.

मग नालबंद आला. हा ऐन पन्नाशीतला बोलका गडी, घोड्याचा पाय मांडीत धरला की याच्या तोंडाचा पट्टा सुरू. पण त्या दिवशी तांबडीचा पुढचा पाय उचलला आणि तो बोलता बोलता थांबला. खुराच्या वर, पाय मुडपतो तिथे, केस गेले होते आणि कातडी खरवडली होती. दुसऱ्या पायालाही तसंच.

"काका, ही झोपते का?"

"म्हणजे? उभ्यानं डुलक्या काढते की."

"डुलक्या नाही विचारल्या. आडवी होते का?"

सावकाशराव वाकून तो खरवडलेला पाय बघायला लागले.

"नाही होत," नालबंदानं पाय खाली ठेवला. "राखणीला कुणी नाही ना. मग उभ्या उभ्या गाढ झोप लागते, पाय मुडपतात, तोंडावर येते आणि दचकून उठते. म्हणून हे खरवडलंय. असं फार दिवस नाही चालत, काका. एक दिवस पाय मोडून घेईल. आणि या वयात पाय मोडला म्हणजे काय, ते मी तुम्हाला सांगायला नको."

"मी असतो की इथं. दिवसभर असतो."

"तुम्ही बसलेले असता. राखणीला उभा लागतो. आणि चार पायांचा लागतो." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "ओढ्यापलीकडच्या बाईंकडे नेऊन सोडा. चांगला कळप आहे त्यांचा. बाई मायेच्या आहेत."

"तू नालांपुरतं बघ," सावकाशराव फटकन म्हणाले. नालबंद मूग गिळून गप्प बसला आणि उरलेलं काम त्यानं एक शब्द न बोलता केलं. त्याच्या बाबतीत असं पूर्वी घडलेलं कुणाच्या ऐकिवात नाही.

राग नालबंदावर नव्हताच. तांबडी गेली की कुरणात गवत राहणार आणि घरात ते राहणार, एवढाच त्याचा अर्थ होता. त्यांनी दोन दिवस स्टूल बाजूला ठेवलं आणि काठी टेकून तिच्याजवळ ताठ उभे राहिले, की बाई, हा बघ मी उभा आहे, तू झोप. तांबडीनं त्यांच्या खांद्यावर हनुवटी टेकवली, पण आडवी झाली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचे डोळे मिटले, खालचा ओठ लोंबायला लागला, मान उतरत उतरत गुडघ्यांपर्यंत आली, आणि एकदम पुढचे दोन्ही पाय गेले. तोंड टाकीच्या कडेवर आपटलं. ती धडपडत उठली, ओठातून रक्त येत होतं, आणि उठल्या उठल्या तिनं पहिल्यांदा फाटकाकडे बघितलं.

सावकाशराव घरात गेले आणि त्यांनी बाईंना फोन लावला.

बाईंची घोडेस्वारीची शाळा होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "तुमच्याकडे एक पाठवून दिला असता हो," त्या म्हणाल्या, "पण माझे सगळे जोडीजोडीनं आहेत. ज्याला पाठवीन त्याचा जोडीदार इथं हाका मारत बसेल. जोडी पाठवू का?"

जोडी म्हणजे तांबडी धरून तीन घोडे, आणि तीन घोडे या पाठीला झेपणार नाहीत हे पाठच सांगत होती. नवा घोडा विकत आणायचा तर तो आपल्यामागे उरणार, मग त्यानं कुणाला हाका मारायच्या? सावकाशरावांनी हे सगळं आधीच मनात घोळवून ठेवलं होतं, फक्त ते कुणासमोर म्हणायचं राहिलं होतं.

"नको," ते म्हणाले. "मीच घेऊन येतो तिला."

दुसऱ्या दिवशी ते तिला चालवत घेऊन गेले. ट्रक नको म्हणाले. ओढ्याच्या पुलावर ती थबकली तेव्हा तेही थबकले. बाईंच्या कुरणात नव्या घोडीला थेट कळपात सोडत नाहीत, आधी शेजारच्या भागात, कुंपणाच्या अलीकडे ठेवतात. तिथे तिला आणलं तेव्हा पलीकडून एक करडा घोडा पावलं मोजत आला. नाकाला नाक लावलं, दोघंही किंचाळली, तांबडीनं एक लाथ हवेत झाडली. "झालं," बाई म्हणाल्या, "ओळख झाली."

निघायची वेळ आली. "ती तिकडे बघतेय तेवढ्यात सटका हळूच," बाईंच्या मदतनिसानं सुचवलं.

"सावकाश," सावकाशराव म्हणाले.

एकदा न सांगता एकाला नेलं होतं. आता पुन्हा नाही. त्यांनी दोर सोडला आणि तिच्यासमोर उभे राहिले. तांबडीनं त्यांचे हात हुंगले, खिसे हुंगले, शेळीनं खाल्ल्यावर घेतलेली नवी टोपी हुंगली, तोंडावर गरम श्वास सोडला. त्यांनी तिला काही सांगितलं नाही, घोड्याला काय सांगायचं? पण ते हलले नाहीत. पाठ ठणकायला लागली तरी हलले नाहीत. तिचं हुंगून झालं, ती आपणहून वळली आणि कुंपणाकडे, करड्याच्या बाजूला गेली. मग सावकाशराव निघाले, फाटक तिला दिसेल असं उघडून, आवाज करून लावून.

बाईंनी सांगितलं होतं, मी बोलावेपर्यंत येऊ नका, तुम्ही दिसलात की ती कुंपणापाशीच उभी राहील. ते थांबले. फोन आला त्या सकाळी त्यांनी दाढी केली, धुतलेला सदरा घातला आणि गेले.

गवताच्या गंजीआडून बाईंनी बोट दाखवलं. कळप उतारावर पांगला होता. मधोमध तांबडी एका कुशीवर आडवी पडली होती, चारी पाय लांब सोडून, मान गवतावर टाकून. करडा घोडा तिच्या डोक्याशी उभा होता. तिचा वरचा कान मधूनच हलत होता, स्वप्नात असावी.

"हाका मारल्या का तिनं?" सावकाशरावांनी विचारलं.

"पहिल्या संध्याकाळी मारल्या दोन-चार. नंतर नाही."

"कुणीकडे तोंड करून?"

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. "तुमच्या घराकडे," त्या म्हणाल्या. ते खरं असेल किंवा बाई मायेच्या होत्या म्हणून असेल.

त्यांची एक शीळ होती, ती ऐकली की तांबडी असेल तिथून धावत यायची. शीळ ओठांवर आली होती. एकदा तिनं उठून मान वर करावी, आपल्याला बघावं, असं त्यांना इतकं वाटलं की डोळे भरून आले. त्यांनी ओठ मिटून घेतले. किती दिवसांनी झोपली होती ती. "येत जा अधूनमधून," बाई म्हणाल्या, आणि ते "येईन" म्हणाले.

संध्याकाळी घरी काहीच आवाज नव्हता. फाटकापाशी कुणी हाक मारत नव्हतं. ती हाक नकोशी झाली होती, आता तिच्यावाचून बसवेना. कुरणात स्टूल तसंच पडलेलं होतं. दुपारचं जेवण त्यांनी केलं नव्हतं. आता बटाटे गरम केले, ताटात घेतले आणि सवयीनं सिंकपाशी उभे राहिले. एक घास तोंडात घातला. मग मान वर करून खिडकीतून बाहेर पाहिलं. दुसरा घेतला. पुन्हा मान वर. तिसरा घास हातात तसाच राहिला. आपण काय करतो आहोत ते त्यांच्या ध्यानात आलं.

फोन वाजला.

"जेवलात ना बाबा?"

"नाही."

 हे उत्तर तिच्या ओळखीचं नव्हतं. "का? बरं नाही का?"

"बरं आहे. एकट्याला जात नाही जेवण," सावकाशराव म्हणाले. "तुझी आई गेल्यापासून जात नाही. रोज तुला जेवलो म्हणून सांगायचो ते खोटं."

"बाबा, मी उद्याच निघते. नाहीतर तुम्हीच सामान भरा, मी यांना गाडी घेऊन..."

"सावकाश, सावकाश. ते बघू नंतर. तू जेवलीस का?"

"आत्ता बसणार होतो आम्ही."

"मग फोन ठेवू नकोस. टेबलावर ठेव. माझ्याशी काही बोलू नकोस, विचारू नकोस. तू आपली जेव."

 मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला, ताटलीवर चमचा वाजला. जावयानं विचारलं, "कोण आहे फोनवर?" लेक म्हणाली, "बाबा आहेत. जेवताहेत आपल्याबरोबर." तिचा आवाज थोडा ओला होता, पण तिनं पुढे काही विचारलं नाही.

सावकाशरावांनी ताट सिंकपासून उचललं, टेबलावर नेलं, आणि फोन समोरच्या खुर्चीच्या बाजूला उभा करून ठेवला. मग बसले. तिकडून काकडी चावल्याचा आवाज आला, कर्र कर्र. लहानपणापासून ही मुलगी आवाज करत खाते, आणि त्यावरून तिनं आईची बोलणीही पुष्कळ खाल्ली होती. सावकाशरावांनी मान खाली घातली आणि जेवायला सुरुवात केली.